यादीतील स्वतःची ओळ : कमांड लाइन, राइट क्लिक आणि मुंबईची उपनगरे

संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबले असता जी छोटी यादी उघडते, तिला संदर्भ-मेनू म्हणतात, कारण तिच्यातील पर्याय हे त्या क्षणी ज्या वस्तूवर माउस ठेवला आहे तिच्या संदर्भाने ठरतात. आणि या यादीत कंपनीने न दिलेली, वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेली ओळ बसवता येणे ही संगणकाच्या इतिहासातील दिसायला किरकोळ, पण परिणामाने दूरवर पोहोचलेली सोय आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची बहुतेक हत्यारे, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर, बदलांची नोंद ठेवणारी साधने, फायली शोधणारे व तपासणारे छोटे प्रोग्रॅम, ही आजही कमांड लाइनवर, म्हणजे अक्षरांत लिहिलेल्या आज्ञेने चालतात, तर फायली आणि फोल्डर मात्र खिडकीत चित्ररूपाने मांडलेले असतात. लिहून आज्ञा देण्याची एक परंपरा आणि दाखवून निवड करण्याची दुसरी परंपरा यांचा सांधा ज्या ठिकाणी जुळला, त्यांतील एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे उजव्या बटणाची ही यादी होय.

या सांध्यामागील मूळ संशोधन मुख्यतः अमेरिकेत झाले, मुंबईच्या उपनगरांत नव्हे. तथापि भारतातील ज्या मोजक्या भूभागांवर संगणकयुगाच्या सर्व अवस्था एकापाठोपाठ एक उतरल्या, त्यांत अंधेरी, जुहू, पवई, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली हा पट्टा अग्रभागी येतो. येथे सोव्हिएत बनावटीचे संगणक आले, निर्यातीसाठी प्रोग्रॅम लिहिणारे गाळे उभे राहिले, देशातील पहिल्या ई-मेलजाळ्यांपैकी एक विणले गेले, आणि पुढे प्रत्येक रेल्वे स्थानकाबाहेर संगणकाचे वर्ग भरू लागले. इतरांनी घडवलेली हत्यारे घेऊन काम करणे हाच ज्या प्रदेशाच्या नव्या उपजीविकेचा पाया होता, त्या प्रदेशाच्या दृष्टीने हत्याराची मूठ आपल्या हाताप्रमाणे घडवता येते की नाही, हा प्रश्न गौण नव्हता. राइट क्लिकच्या यादीचा इतिहास हा वस्तुतः त्या अधिकाराच्या विस्ताराचा आणि संकोचाचा इतिहास आहे.

कार्डांपासून आज्ञेपर्यंत

पवईच्या आयआयटीची स्थापना १९५८ साली युनेस्को आणि सोव्हिएत संघ यांच्या साहाय्याने झाली, आणि त्यामुळे साठच्या दशकात तेथे आलेला संगणकही सोव्हिएत बनावटीचा, ‘मिन्स्क’ मालिकेतला होता. त्या पिढीच्या यंत्रांशी समोरासमोर संवाद होत नसे. प्रोग्रॅम आणि माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवर किंवा कागदी पट्ट्यांवर उतरवून यंत्रचालकाच्या हवाली करावी लागे, आणि उत्तर मिळण्यासाठी आपल्या कामाची पाळी येईपर्यंत थांबावे लागे. या पद्धतीला बॅच पद्धत म्हणत. तीत चुकीची किंमत मोठी होती, कारण एका चुकलेल्या अक्षराचा पत्ता लागण्यासाठी पुन्हा तेवढीच प्रतीक्षा करावी लागत असे.

१ मे १९७३ रोजी अंधेरी पूर्वेला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘सीप्झ’, हे निर्यातक्षेत्र सुरू झाले. त्याची आखणी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी झाली असली, तरी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टाटा आणि अमेरिकेतील बरोज ही संगणक कंपनी यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या टाटा बरोजसारख्या संस्थांमुळे तेथून सॉफ्टवेअरचीही निर्यात होऊ लागली. १९८२ साली स्थापन झालेल्या मास्टेकसारख्या कंपन्यांनीही पुढे येथेच बिऱ्हाड केले. १९७८ मध्ये परकीय भांडवलासंबंधीच्या कायद्यावरून आयबीएम भारतातून बाहेर पडली होती, आणि त्या पोकळीत देशी कंपन्यांची लहान यंत्रे व युनिक्स ही कार्यप्रणाली यांना वाव मिळाला.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि इतर सर्व प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला, आणि तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात एकच काम नेटके करणारे अनेक छोटे प्रोग्रॅम असत व ते ‘शेल’ नावाच्या आज्ञावाचकापुढे एका ओळीत लिहून चालवता येत. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतून युनिक्समध्ये ‘पाइप’ ही सोय आली, तीमुळे एका प्रोग्रॅमचे उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती देता येऊ लागले आणि लिहिलेली एक ओळ हीच एक छोटी यंत्रणा बनली. भारतात युनिक्सला बळ मिळाले ते बँकांमुळे, कारण सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील बँकिंग-यांत्रिकीकरण समितीच्या १९८४ सालच्या अहवालानंतर शाखांसाठी जी यंत्रे मागवली गेली, त्यांच्याकरिता युनिक्स ही कार्यप्रणाली प्रमाण मानली गेली; परिणामी देशी उत्पादक युनिक्सकडे वळले आणि ती जाणणाऱ्या अभियंत्यांची एक पिढीच तयार झाली.

याच सुमारास, १९८५ साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही स्वतंत्र संस्था उदयास आली आणि डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली जुहूला स्थिरावली. १९८६ साली केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे आखले, त्यात जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी हे दोघेही आरंभीचे सभासद होते, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस देशाबाहेर जाणाऱ्या ई-मेलचे प्रवेशद्वार एनसीएसटीच होते. हे सारे काम अक्षरांच्या पडद्यावर, आज्ञा लिहून चाले.

या परंपरेचा एक गुणधर्म पुढील सर्व कथेच्या मुळाशी आहे. कमांड लाइनवर दिलेली प्रत्येक आज्ञा कोठून तरी दिली जाते. संगणक त्या वेळी ज्या डिरेक्टरीत, म्हणजे फायलींच्या ज्या कप्प्यात, उभा आहे असे मानतो तिला चालू डिरेक्टरी म्हणतात, आणि आज्ञेतील फायलीचे नाव पूर्ण पत्त्याविना लिहिले असेल तर ते त्या जागेच्या आधारेच शोधले जाते. म्हणून ‘सीडी’ ही जागा बदलण्याची आज्ञा लिहून योग्य कप्प्यात पोहोचणे हे प्रत्येक कामाचे पहिले पाऊल होते, आणि नवशिक्याच्या चुकाही तेथेच अधिक होत.

१९८१ साली आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकाबरोबर डॉस ही कार्यप्रणाली आली, १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर भारतात असे संगणक अधिक सुलभ झाले, आणि १९८६ साली जॉन सोखा यांनी रचलेला नॉर्टन कमांडर हा प्रोग्रॅम हळूहळू डॉस वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडला. त्यात पडद्याचे दोन भाग करून डिरेक्टऱ्या शेजारीशेजारी दाखवल्या जात, आणि एफ-२ ही कळ दाबली की वापरणाऱ्याने स्वतः एका साध्या मजकूर-फायलीत लिहिलेली यादी उघडे, जिच्यातील प्रत्येक नोंदीमागे एक किंवा अनेक डॉस-आज्ञा असत. निवडलेली फाइल समोर आहे, यादी स्वतःची आहे आणि यादीमागे कमांड लाइन आहे, ही तिन्ही अंगे येथे सामान्य संगणकावर एकत्र नांदू लागली. कमी होता तो फक्त माउस.

माउसचे दुसरे बटण

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिले, त्यातील माउसला तीन बटणे होती. सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही प्रोग्रॅमिंगची भाषा व तिचा चित्रमय परिसर घडवला, तेव्हा या तीन बटणांना लाल, पिवळे आणि निळे अशी नावे देऊन प्रत्येकाला वेगळे कार्य सोपवण्यात आले : लाल बटणाने वस्तू निवडायची, पिवळ्याने त्या जागी काय करता येईल याची यादी उघडायची आणि निळ्याने खिडकीची हालचाल करायची. माउस जेथे आहे तेथेच यादी उमटावी ही कल्पना येथे पक्की झाली, आणि स्मॉलटॉकमध्ये त्या यादीचा प्रोग्रॅमही वापरणाऱ्याला उघडून वाचता व बदलता येत असल्याने, यादी आणि तिचा कर्ता यांच्यात भिंतच नव्हती.

पुढे वाटा फुटल्या. ॲपलने १९८३ साली लिसा आणि १९८४ साली मॅकिंटॉश या यंत्रांना एकच बटण दिले, कारण नवख्या माणसाचा गोंधळ होऊ नये हा त्यांचा आग्रह होता, आणि मॅकिंटॉशमध्ये संदर्भ-मेनू येण्यास १९९७ साल उजाडावे लागले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो ही प्रणाली १९८७ साली तिच्या अकराव्या, दीर्घकाळ टिकलेल्या रूपात बाहेर पडली, आणि तिच्यासाठी टॉम लास्ट्रेंज यांनी लिहिलेल्या ‘टीडब्ल्यूएम’ या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सारी यादी एका मजकूर-फायलीवरून तयार होत असे. त्या फायलीतील ओळीच्या आरंभी यादीत दिसायचे नाव असे आणि त्यापुढे उद्गारचिन्ह देऊन चालवायची आज्ञा लिहिली जाई. फाइल बदलून प्रणाली पुन्हा सुरू केली की नवी यादी तयार. युनिक्सच्या वर्कस्टेशन यंत्रांवर काम करणाऱ्या संशोधकांना यामुळे कमांड लाइन सोडावी लागली नाही. उलट तिच्यातील नित्याच्या ओळींना त्यांनी नावे देऊन माउसच्या हाती ठेवले. मात्र ही यादी पडद्याच्या मोकळ्या भागावर उघडणारी होती, तिला विशिष्ट फायलीची जाण नव्हती. ती उणीव व्यक्तिगत संगणकाच्या जगात आयबीएमने १९९२ साली आणलेल्या ओएस/२ च्या दुसऱ्या आवृत्तीने भरून काढली, जिच्यात प्रत्येक वस्तूवर उजवे बटण दाबून तिची स्वतःची यादी उघडता येत होती, परंतु त्या प्रणालीचा प्रसार मर्यादित राहिला.

ऑगस्ट १९९५

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि मुंबई हे त्या सेवेच्या पहिल्या शहरांपैकी एक होते. अवघ्या नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ ही प्रणाली जगात बाजारात आली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नव्हता, पण उपनगरांतील संगणकशिक्षणावर दोन्हींचा ठसा एकाच वेळी उमटला. विदेश संचार निगमच्या स्वस्त जोडण्यांना ‘शेल अकाउंट’ म्हणत, कारण तेथे टेलिफोनवरून पोहोचायचे ते दूरच्या युनिक्स यंत्राच्या शेलपर्यंत. पत्रे वाचायची ती ‘पाइन’ या प्रोग्रॅममध्ये आणि संकेतस्थळे पाहायची ती ‘लिंक्स’ या केवळ अक्षरे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. अशा रीतीने ज्या वर्षी घरच्या संगणकावर चित्रमय खिडक्या आल्या, त्याच वर्षी बाहेरच्या जगाशी संबंध जोडण्यासाठी पुन्हा आज्ञाच लिहाव्या लागल्या, आणि एका पिढीला दोन्ही परंपरा एकदमच आत्मसात कराव्या लागल्या.

विंडोज ९५ ने उजव्या बटणाला संपूर्ण प्रणालीत निश्चित स्थान दिले. फायलीवर, फोल्डरवर किंवा पडद्याच्या रिकाम्या जागेवर उजवे बटण दाबले की तेथे शक्य असलेल्या कृतींची यादी येई, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ती यादी वाढवण्याच्या तीन वाटा वापरणाऱ्याला खुल्या होत्या. पहिली वाट सर्वांत सोपी : ‘सेंड टू’ नावाच्या एका विशिष्ट फोल्डरमध्ये एखाद्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट, म्हणजे त्याच्याकडे निर्देश करणारी छोटी फाइल, ठेवला की त्याचे नाव यादीच्या त्या उपभागात आपोआप दिसे आणि निवडलेल्या फायलीचा पत्ता त्या प्रोग्रॅमला मिळे. दुसरी वाट होती ती फाइल-प्रकारांच्या खिडकीची, जीत एखाद्या प्रकारच्या फायलीसाठी नवी कृती, तिचे नाव आणि तिच्यामागील आज्ञा थेट भरता येत असे. तिसरी वाट रजिस्ट्रीची होती. ती सर्वांत खोलवर नेणारी आणि म्हणून सर्वांत सामर्थ्यशाली ठरली.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजने आपल्या सर्व जुळण्यांची नोंद ठेवण्यासाठी राखलेली, झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागलेली एक मोठी वही. तिच्या ‘क्लासेस रूट’ या शाखेत प्रत्येक फाइल-प्रकारासाठी एक फांदी असते. ‘डिरेक्टरी’ नावाची फांदी फोल्डरांसाठी आणि तारकाचिन्हाची फांदी कोणत्याही फायलीसाठी राखलेली असते. अशा फांदीखाली ‘शेल’, तिच्याखाली वापरणाऱ्याने दिलेल्या नावाची फांदी आणि तिच्याखाली ‘कमांड’ अशी उतरंड रचली, मधल्या फांदीत यादीत दिसायचा मजकूर आणि शेवटच्या फांदीत चालवायची आज्ञा लिहिली, की तेवढ्याने नवी ओळ उजव्या बटणाच्या यादीत अवतरते. मजकुरातील एखाद्या अक्षरापूर्वी ‘अँड’ चे चिन्ह लिहिले तर ते अक्षर त्या ओळीची कळ बनते आणि माउस न हलवता ती निवडता येते. आज्ञेत टक्केचिन्ह आणि १ हा आकडा जेथे लिहिलेला असेल, तेथे ऐन वेळी निवडलेल्या वस्तूचा पत्ता भरला जातो. या चिन्हाभोवती अवतरणे देणे अत्यावश्यक होते, कारण विंडोज ९५ ने फायलींना २५५ अक्षरांपर्यंत लांब आणि मध्ये मोकळी जागा असलेली नावे देण्याची मुभा दिली होती, आणि अवतरणे नसतील तर ‘माय डॉक्युमेंट्स’ या एका नावाची कमांड लाइनवर दोन शकले होत.

या रचनेचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी करून दाखवला. विंडोज ९५ च्या पाठोपाठ त्यांनी ‘पॉवर टॉइज’ या नावाने काही छोटी साधने, कंपनीच्या अधिकृत पाठबळाविना, विनामूल्य उपलब्ध केली, त्यांत ‘डॉस प्रॉम्प्ट हिअर’ हे एक होते. ते म्हणजे काही ओळींची एक मजकूर-फाइल होती, आणि ती बसवायची रीतही उजव्या बटणाने ‘इन्स्टॉल’ निवडण्याचीच होती. तिच्यामुळे कोणत्याही फोल्डरवर उजवे बटण दाबून नवी ओळ निवडली की त्याच जागी उभी असलेली डॉसची खिडकी उघडत असे. वर सांगितलेली चालू डिरेक्टरीची जुनी अडचण येथे एका फटक्यात मिटली : फोल्डरच्या खिडकीला जागा ठाऊक होती पण आज्ञा घेता येत नव्हती, प्रॉम्प्टला, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीला, आज्ञा घेता येत होती पण जागा ठाऊक नव्हती, आणि यादीतील त्या ओळीने पहिल्याचे ज्ञान दुसऱ्याला पोहोचवले.

स्थानकाबाहेरचे वर्ग आणि खुल्या प्रणालीची वाट

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सन २००० च्या तारीख-समस्येचे काम, जीत जुन्या प्रोग्रॅमांतील दोन आकडी वर्षे शोधून दुरुस्त करायची होती, सीप्झमधील कंपन्यांकडे मोठ्या प्रमाणावर आले, आणि त्याच काळात संगणक शिकवणाऱ्या खाजगी वर्गांचे पेव फुटले. १९८६ साली स्थापन झालेली ॲपटेक ही शिक्षणसंस्था अंधेरीच्याच औद्योगिक वसाहतीत मुख्यालय थाटून बसली होती. अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय, घाटकोपरलगतच्या विद्याविहारचे १९८३ सालचे सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालय, मुलुंडचे १९८४ सालचे वझे महाविद्यालय अशा संस्थांच्या जोडीने या वर्गांनी मध्यमवर्गीय मराठी, गुजराती व दाक्षिणात्य घरांतील मुलामुलींना प्रोग्रॅमिंगकडे आणले. १९९६ साली जावा ही भाषा आली, आणि तिचा कम्पायलर खिडकीविना, कमांड लाइनवर चालणारा असल्याने, शिकणाऱ्याला पुन्हा प्रॉम्प्टशी आणि डिरेक्टरीच्या लांबलचक पत्त्यांशी सामना करावा लागला. जावाच्या फायलीवर उजवे बटण दाबून तिचे रूपांतर करणारी ओळ यादीत घालणे ही अशा वेळी केवळ वेळेची बचत नव्हती. आपण रोज वापरतो ते यंत्र आतून कसे बांधलेले आहे, याचा तो पहिला धडा होता.

दुसरीकडे १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आरंभलेल्या लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीची वाट याच दशकात भारतातही रुळू लागली होती, आणि ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाबरोबर मिळणाऱ्या तबकड्यांमुळे संथ जोडण्यांच्या त्या काळातही ती घरोघरी पोहोचली. लिनक्सवरील नॉटिलस या फायली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने यादी वाढवण्याची रीत अत्यंत सरळ ठेवली : ठरावीक फोल्डरमध्ये एखादी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या ओळींची फाइल, ठेवून तिला चालण्याची परवानगी दिली की तिचे नाव उजव्या बटणाच्या यादीत येई आणि निवडलेल्या फायलींचे पत्ते तिला आपोआप मिळत. केडीई या दुसऱ्या परिसराने ‘सर्व्हिस मेनू’ ही पद्धत आणली, जीत यादीतील ओळीचे नाव, तिचे चित्र, ती कोणत्या प्रकारच्या वस्तूंवर दिसावी आणि तिच्यामागील आज्ञा काय, हे सर्व एका छोट्या मजकूर-फायलीत स्पष्ट लिहिलेले असते.

या मजकूर-फायलीच्या प्रमाणित रचनेत एकाच ओळीचे नाव अनेक भाषांत देण्याची तरतूद आहे, आणि मराठीसाठी ठरलेला भाषासंकेत लिहून पुढे देवनागरीत नाव दिले की मराठी परिसर निवडणाऱ्याला यादी मराठीत दिसते. विंडोज ९५ मध्ये हे शक्य नव्हते, कारण तिच्या याद्या देवनागरी दाखवू शकत नव्हत्या. युनिकोड या सर्व लिप्यांच्या समान संकेतावर उभ्या असलेल्या विंडोज २००० पासून ती अडचण दूर झाली. सन २००० च्या सुमारास मुंबईतून सुरू झालेल्या इंडलिनक्स या उपक्रमाने भारतीय भाषांतील लिनक्ससाठी स्वयंसेवकांना एकत्र आणले, आणि पुढे सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेत विलीन झालेल्या जुहूच्या एनसीएसटीनेही मुक्त सॉफ्टवेअरच्या भारतीय भाषांतील रूपांवर काम केले. ज्या गावात १९८० च्या दशकात इंग्रजी अक्षरांच्या आज्ञांनीच ई-मेल जात होते, त्याच गावात वीस वर्षांच्या आत आज्ञेवर मराठी पाटी लावण्याची सोय झाली, ही प्रगती लहान मानता येणार नाही.

विस्तार आणि संकोच

सन २००० नंतरच्या दशकात ही यादी प्रोग्रॅमरांच्या कामाचे एक केंद्रच बनली. टॉर्टॉइज मालिकेतील प्रोग्रॅमांनी आवृत्ती-नियंत्रण, म्हणजे अनेकांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्रॅममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याचे काम, पूर्णतः उजव्या बटणाच्या यादीत आणले. २००५ साली टोरव्हाल्ड्स यांनीच निर्माण केलेल्या गिट या साधनाच्या विंडोज-आवृत्तीने ‘गिट बॅश हिअर’ ही ओळ आणली, जी निवडताच त्या फोल्डरमध्ये युनिक्सच्या परंपरेतील शेल उघडतो. १९९५ चे ‘डॉस प्रॉम्प्ट हिअर’ आणि हे नवे ‘बॅश हिअर’ यांतील नाते उघड आहे, आणि त्यातून हेही दिसते की चित्रमय खिडक्यांनी कमांड लाइनचा अंत केला नाही, तर तिला वारंवार आश्रय दिला.

मात्र याच काळात उलट प्रवाहही सुरू झाला. २००७ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने शिफ्ट कळ दाबून उजवे बटण दाबल्यास ‘येथे कमांड खिडकी उघडा’ या अर्थाची ओळ मूळ प्रणालीतच दिली, ही तिची देणगी. परंतु त्याच आवृत्तीने फाइल-प्रकारांसाठी नवी कृती भरण्याची १९९५ पासूनची खिडकी काढून टाकली. यापुढे ‘सेंड टू’ चा उपभाग सोडला तर साध्या वापरणाऱ्याला हाती धरून नेणारी वाट उरली नाही. रजिस्ट्रीत उतरण्याचे धाडस ज्याला आहे त्यालाच मुख्य यादी बदलता येऊ लागली. २०१७ साली विंडोज १० च्या एका सुधारणेने कमांड खिडकीच्या त्या ओळीच्या जागी पॉवरशेल या नव्या शेलची ओळ बसवली, आणि जुनी नोंद रजिस्ट्रीत असूनही ती झाकून तिची मालकी प्रणालीच्या अंतर्गत खात्याकडे ठेवल्याने, ती परत आणणाऱ्यांना आधी तिच्यावरील अधिकार मिळवावा लागला.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने यादीचीच पुनर्रचना केली. नवी यादी आखूड झाली, तिच्यात त्या फोल्डरात टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडणारी ओळ आली, आणि रजिस्ट्रीच्या साध्या नोंदींनी बसवलेल्या जुन्या ओळी ‘आणखी पर्याय दाखवा’ या अर्थाच्या ओळीमागे गेल्या. नव्या यादीत थेट स्थान हवे असेल तर ठरावीक पद्धतीने बांधलेले व ओळख नोंदवलेले ॲप्लिकेशन आवश्यक ठरले. मायक्रोसॉफ्टने याची दिलेली कारणे निराधार नव्हती. वर्षानुवर्षे प्रत्येक प्रोग्रॅम आपापली ओळ घुसवत गेल्याने यादी कमालीची लांबली होती, आणि अनेक कंपन्यांच्या ओळींमागील सांकेतिक भाग फायली दाखवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्याच पोटात चालत असल्याने त्यातील एकाच्या दोषाने सारी खिडकी मंदावत किंवा बंद पडत असे. परंतु वापरणाऱ्याने हाताने लिहिलेली रजिस्ट्रीतील साधी ओळ निवडली जाईपर्यंत काहीच चालवत नाही. त्यामुळे कंपन्यांच्या गर्दीवरील उपायाचा भार अशा निरुपद्रवी ओळींवरही पडला, हे या सुधारणेचे न्यून नोंदवणे भाग आहे.

अधिकाराचे मूल्य

या साठ वर्षांच्या प्रवासाकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की उपनगरांतील संगणकव्यवसायाची वाढ ही नेहमी दोन पायांवर झाली : एक पाय परक्या यंत्राचा वापर शिकण्याचा आणि दुसरा त्या यंत्राला आपल्या कामाप्रमाणे वळवण्याचा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर प्रत्येकाचे असते, पण संस्थेवर सभासदाची खरी सत्ता ठरते ती उपविधींत दुरुस्ती सुचवता येते की नाही यावरून. संगणकाच्या यादीचेही तसेच आहे. यादीतून निवडणारा माणूस वापरणारा असतो, आणि यादीत ओळ लिहिणारा माणूस अल्पांशाने का होईना, तिचा कर्ता होतो.

शिक्षणाच्या दृष्टीनेही या छोट्या कृतीचे मोल मोठे आहे. पवईच्या आयआयटीतून प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाने लिनक्स, बॅश, पायथन अशा विषयांचे छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले, आणि त्यामुळे इंग्रजीचा अडसर असलेल्या विद्यार्थ्यालाही कमांड लाइनपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मिळाला. अशा विद्यार्थ्याने पाठात शिकलेली एक आज्ञा स्वतःच्या यादीत बसवली, की त्याला एकाच बैठकीत आज्ञेची जागा, पत्त्यातील अवतरणांचे महत्त्व, फाइल-प्रकार आणि प्रणालीची नोंदवही या चारही संकल्पनांचा प्रत्यक्ष परिचय होतो. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज २००० पासून रजिस्ट्रीतील वापरणाऱ्याच्या स्वतःच्या शाखेत केलेली नोंद केवळ त्याच्यापुरती लागू होते आणि तिला व्यवस्थापकाचे अधिकार लागत नाहीत, म्हणून जेथे नियमांनी तसे करण्यास मनाई नाही तेथे प्रयोगशाळेतील सामाईक यंत्रावरही इतरांना उपद्रव न देता हा अभ्यास करता येतो.

म्हणूनच यादीतील स्वतःच्या ओळीची वाट खुली राहणे ही निव्वळ सोयीची बाब मानून सोडून देता येत नाही. प्रणालीकर्त्यांनी गर्दी आवरावी, सुरक्षितता वाढवावी, परंतु वापरणाऱ्याने समजून-उमजून लिहिलेल्या ओळीला पुढच्या रांगेत स्थान द्यावे, आणि व्हिस्टाने काढून टाकलेल्या खिडकीसारखी एक सरळ, निर्धोक वाट पुन्हा उघडावी, ही मागणी ज्या प्रदेशाचे पोट संगणकावर भरते त्याने आवर्जून करण्यासारखी आहे. तोपर्यंत महाविद्यालयांनी आणि वर्गांनी संगणकाच्या पहिल्या वर्षातच ही ओळ लिहायला शिकवावी, कारण यंत्राची रचना बदलता येते हे ज्याला तरुणपणी कळते, तो पुढे दुसऱ्याने दिलेल्या यादीवर समाधान मानत नाही.